ओ तरी द्या

आमच्या ऑफिसात नियम एकच होता आणि तो कुठं लिहून लावलेला नव्हता. सरांनी हाक मारली की ओ द्यायची. उठून जायची गरज नाही, हातातलं काम टाकायची गरज नाही, पण ओ लगेच. ती जरा रेंगाळली की सर केबिनमधून बाहेर येत, आमच्या टेबलाशी उभे राहत आणि विचारत, "बरी हायेस ना गं?" त्यात टोमणा किती आणि काळजी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवीन माणसाला वाटायचं, सर मोठे कडक आहेत. मग तो ओ द्यायच्या ऐवजी पळतच केबिनमध्ये जायचा आणि त्यावरून बोलणी खायचा. "पळत कशाला आलास? मी बोलवलं नव्हतं. हाक मारली होती."

स्वतः सर हा नियम इतका पाळत, की गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता आमच्यापैकी कुणी हाक मारली तर मध्येच "ओ!" म्हणत. पलीकडच्याला वाटे, आपलं म्हणणं मान्य झालं. अशी एक-दोन कामं आम्हाला जास्तीची करावी लागली आहेत.

धंदा आमचा वेबसाइटी बनवण्याचा. उस्मानपुऱ्यात औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात मी, नाझिया आणि येऊन-जाऊन असणारी एक-दोन माणसं. सर मूळचे गंगापूरकडचे. घरचा ऊस भाऊ बघतो. हे इंजिनियर झाले, पुण्यात एका मोठ्या कंपनीत काही वर्षं काढली आणि परत आले. का आलात, असं कुणी विचारलं की सांगत, "तिथं सगळ्यांकडं चांगले फोन. सगळं कसं झटकन उघडायचं. मला कामच नव्हतं."

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत, गावानं मारत. मी वैजापूर. नाझियाचे वडील चितेगावला कंपनीत, म्हणून ती चितेगाव. माझ्या मुलाखतीत त्यांनी मार्कशीट उघडूनसुद्धा पाहिली नाही.

"वैजापूर गावात का मळ्यात?"

"मळ्यात."

"रेंज कुठं येती?"

"गच्चीवर, टाकीपाशी. पण फोन हातात धरला तर नाही येत. टाकीवर ठेवला तर येते."

"मग बोलतीस कशी?"

"वाकून."

सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः खाली जाऊन चहा सांगितला. वर आल्यावर म्हणाले, "आपण त्या वाकलेल्या माणसासाठी काम करतो. उद्यापासून ये."

आज हे सगळं आठवत बसले आहे ते काकूंमुळं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. मागच्या वर्षी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं, वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी हाक मारणं सोडता कामा नये. आवाजानं, हातानं, कशानंही, पण कुणाला तरी बोलवावंसं त्यांना वाटत राहिलं पाहिजे. माणसाला गप्प राहायची सवय लागली की मग फार अवघड जातं. सरांनी ऑफिसात येऊन आम्हाला हे जसंच्या तसं सांगितलं. "तिनं हाक सोडायला नको," एवढंच पुन्हा म्हणाले. पण सर कसे आहेत ते आधी सांगितलं नाही, तर पुढं त्यांनी जे केलं तो निव्वळ वेडेपणा वाटेल. थोडाफार तो होताही.

सरांच्या टेबलाच्या खालच्या खणात जुने मोबाइल होते. काचा तडकलेले, वायर धरून ठेवल्याशिवाय चार्ज न होणारे, एकाची स्क्रीन खालून हिरवी पडलेली. त्यांना सर 'पंच' म्हणत. पंचांनी पास केल्याशिवाय आमचं कुठलंही काम गिऱ्हाइकाच्या हाती जायचं नाही. हे पंच पैठण गेटच्या दुकानांतून निवडून आणलेले असत. तिथला दुकानदार हौसेनं एकेक चांगला फोन काढून दाखवायचा आणि सर विचारायचे, "याच्याहून वाईट नाय का?" पहिल्यांदा मी बरोबर होते तेव्हा दुकानदारानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी शेजारच्या दुकानात कव्हरं बघायला लागले.

पेज उघडेपर्यंत स्क्रीनवर जे गोल गोल फिरत राहतं त्याला सर भिंगरी म्हणत, आणि ती दिसली की त्यांचंच डोकं फिरायचं. "ही काय सांगती तुला? काम चाललंय का मेलंय, कळतंय का कायतरी?" आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. त्या नळावरून ते आम्हाला शिकवत. "पाणी यायच्या आधी नळ गुरगुरतो का नाय? दोन-चार थेंब फेकतो. बाई लगेच बादली लावती आन निवांत होती. पाणी तर अजून आलेलंबी नसतं." मग आमचं पेजही तसंच करायला लावायचे. आधी नुसता सांगाडा दिसला पाहिजे, इथं मथळा येणार, इथं फोटो येणार, अशा करड्या चौकटी. मग अक्षरं. फोटो सगळ्यांत शेवटी. एकूण वेळ तेवढाच लागायचा, पण माणूस फोन खाली ठेवायचा नाही. आणि बटणावर बोट पडताक्षणी त्या बटणानं दबलेलं दिसलं पाहिजे, रंग बदलला पाहिजे. पुढचं काम होईल तेव्हा होईल. हीच बटणाची ओ.

खरी परीक्षा एसटीत व्हायची. ऑफिसातल्या इंटरनेटवर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. वाळूज मागं पडलं की रेंज येते आणि जाते, म्हणून ते गंगापूरच्या गाडीत बसून वेबसाइट तपासत, आणि मी त्याच वाटेची म्हणून मला घेऊन जात. वैजापूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचं काम होतं, रोजचा भाव दाखवायचा. सरांनी शेजारच्या बाईंच्या हातात एक पंच दिला.

"ताई, आजचा कांद्याचा भाव बघता का जरा? मला चष्मा नाय."

"नाकावर हाय की तुमच्या."

"हा लांबचा."

बाईंनी संशयानं त्यांच्याकडं पाहिलं, पण फोन घेतला. मी स्क्रीनकडं बघत होते. सरांनी मला कोपरानं ढोसलं. "तिकडं काय बघतीस? अंगठा बघ." बाईंच्या अंगठ्यानं 'भाव' दाबलं. थांबला. मग जोरात दाबलं, नख पांढरं होईपर्यंत. मग अंगठा उचलला गेला आणि फोन परत आला. "बंद पडलाय तुमचा," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. भाव उघडला तेव्हा फोन सरांच्या खिशात होता.

गंगापूरच्या स्टँडवर उतरल्यावर सर म्हणाले, "बंद नव्हता गं. नुसता बोलला नाय." चहा घेताना पुन्हा तेच त्यांच्या डोक्यात. "माणूस पहिल्यांदा दाबतं ते आशेनं. दुसऱ्यांदा रागानं. तिसऱ्यांदा दाबतच नाय." असं काही बोलून झालं की त्यांना हलकं वाटत असावं, कारण परतीच्या गाडीत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत आले.

एका संस्थाचालकांची गोष्ट आमच्याकडं अजून सांगितली जाते. त्यांच्या शाळेची वेबसाइट आम्ही नीट करायला घेतली होती. वर ड्रोननं काढलेली शाळेच्या इमारतीची फिल्म, तिच्याखाली फिरत्या पाट्या, आणि हे सगळं उशिरानं उगवायचं. तोवर खालची बटणं वर आलेली असायची, आणि फिल्म आली की धपकन खाली सरकायची. पालक 'प्रवेश अर्ज' दाबायला जायचे आणि नेमकं त्या जागी आलेलं 'देणगी' दाबलं जायचं. साहेबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सरांनी चहा मागवला. साहेबांनी कपाला हात घातला, सरांनी कप वीतभर सरकवला. साहेबांनी पुन्हा हात नेला, कप पुन्हा सरकला. साहेब मोठे समजूतदार, त्यांना वाटलं सर टेबलावर जागा करताहेत. तिसऱ्यांदा मात्र ते भडकले.

"अहो, काय लावलंय हे?"

"तुमच्या पेजवर हेच लावलंय," सर म्हणाले, "आम्ही फक्त चहावर करून दाखवलं."

साहेब चहा न पिताच गेले. काम गेलं असं आम्ही धरून चाललो. पण मग त्यांचाच फोन आला, बटण तेवढं जागेवर राहू द्या, ड्रोन मात्र काढायचा नाही. ड्रोन आम्ही पेजच्या तळाशी नेऊन ठेवला, अजून तिथंच घिरट्या घालतो आहे.

नाझिया आमच्यातली सगळ्यांत हुशार, आणि सरांशी भांडायची हिंमत तिच्या एकटीत. तिनं एकदा अर्जाचं पेज असं बनवलं, की 'पाठवा' दाबलं की त्याच क्षणी हिरवी खूण आणि 'अर्ज पोहोचला'. खरा अर्ज मागून सावकाश जायचा. काय झटपट वाटायचं ते! मी तर टाळ्या वाजवल्या. सरांनी एका पंचावर दाबून पाहिलं.

"पोहोचला?"

"पोहोच जाता सर, पीछे से," नाझिया म्हणाली.

"आन नाय पोहोचला तर?"

"तो बाद में बता देंगे ना."

सरांनी फोन खाली ठेवला. "चितेगाव, ओ म्हणजे 'ऐकलं'. ओ म्हणजे 'झालं' नव्हं. आन ज्यानं ऐकलंच नाय त्यानं ओ कशी काय द्यायची? ही फसवणूक झाली."

"लोगां को अच्छा लगता सर."

"लागणारच. फसवलेलं कळेपर्यंत गोडच लागतं."

'पोहोचला' काढून तिथं 'पाठवतो आहे' आलं. नाझिया दिवसभर कुरकुरत होती, एका शब्दासाठी हा माणूस जीव खातो म्हणून. मला तेव्हा तिचं पटत होतं.

ओचं हे खूळ सरांच्या डोक्यात कुठून आलं ते मला काकूंनीच सांगितलं होतं, त्या धडधाकट होत्या तेव्हा. गारखेड्याला त्यांच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका, आवाज असा की मैदानाच्या टोकाचं पोर जागच्या जागी थांबावं. पोळ्या लाटत सांगत होत्या, "लग्न झालं तेव्हा हे सदा कंप्युटरला तोंड लावून. मी आपली हाका मारतीय, मारतीय. आधी वाटलं, ऐकायला येत नाय का काय यांना. एक दिवस लाटणं घेऊनच गेले. म्हटलं, अहो, येऊ नका, पण ओ तरी द्या! माझं लगीन काय भिंतीशी लागलंय?"

बाहेरच्या खोलीतून सर ओरडले, "ओ!"

"बघा," काकू म्हणाल्या, "आता न बोलवता देतात."

त्या हसल्या की अख्खं स्वयंपाकघर हसायचं. झटक्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा त्याच बाई पलंगावर भिंतीकडं बघत पडल्या होत्या. मी चादरीची घडी नीट करत बसले.

मॅडमचा सल्ला ऐकल्यावर सरांनी जे त्यांना येत होतं तेच केलं. काकूंसाठी पेज बनवलं. जुन्या मोठ्या फोनवर चार ठळक चौकटी: पाणी, चहा, पंखा आणि 'या'. दाबलं की दिवसा सोबतीला असणाऱ्या मावशींचा फोन वाजायचा आणि सरांचाही. काकूंचा डावा हात चालत होता, पण डाव्या हाताला कसली सवय? अंगठा कापत यायचा, दाबायचा, आणि फोनला काय झालं ते त्यांना कळायचंच नाही. पलीकडं फोन वाजेपर्यंत मध्ये जो वेळ जायचा, तेवढ्यात त्या पुन्हा दाबायच्या, पुन्हा दाबायच्या, आणि मग फोन ढकलून द्यायच्या. सर पलंगाशी बसून त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहायचे. ऑफिसात येऊन म्हणाले, "दुसऱ्यांनी बनवलेलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या."

मग आम्ही तिघं त्याच्या मागं लागलो. चौकट दाबताक्षणी काळी व्हायला लागली, फोन हातात थरथरायला लागला. अंगठा कापत दोनदा पडला तरी एकच हाक धरली जाईल असं केलं. बरंचसं सुधारलं. आणि मग सरांनाच सुचलं, की दाबलं की फोननं नुसतं थरथरायचं कशाला, माझ्या आवाजात ओ द्यावी. पलीकडं फोन वाजेपर्यंत तरी तिला वाटेल कुणी आहे.

जन्मभर ओ देत आलेल्या या माणसाला माइकसमोर ती देता येईना. एकदा घोषणा दिल्यासारखी झाली, एकदा दुखण्यातून उठल्यासारखी. नाझिया कानाला हेडफोन लावून ऐकत होती, मान हलवत होती. "क्या सर, ये तो वकील का ओ हुआ. घर का ओ ऐसा नै रैता." शेवटी तिनं माइक चालूच ठेवला आणि मला खुणेनं जिन्यात पाठवलं. मी खालून हाक मारली, "सर!" वरून आली ती खरी. घाईतली, तोंडात काहीतरी असल्यासारखी, थोडी कावलेली. तीच आम्ही फोनमध्ये घातली.

त्या दिवशी सरांनी काकूंचा व्हिडिओ पाठवला. दाबतात, "ओ!" ऐकतात आणि चेहऱ्याच्या एका बाजूनं हसतात. पुन्हा दाबतात. मागून मावशींचा आवाज, "बास आता, काकू, किती येळ पळवता मला!" नाझियानं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मी तिला हटकलं, तर डोळे पुसत म्हणाली, "कचरा गया आँख में."

काही आठवडे असे छान गेले. मग एका दुपारी मावशींचा सरांना फोन आला. मी समोरच बसले होते. मावशी इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मलाही ऐकू आलं. "काकू आता त्या फोनाकडं बघतबी नायत. उशाखाली सरकवून देतात. तहान लागली तरी गप पडून राहतात."

सरांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते लगेच कळलं असावं. काकू सगळ्यात जास्त 'या' दाबायच्या. दाबलं की नवऱ्याचा आवाज यायचा, आणि नवरा यायचा नाही. मावशी यायच्या. सर तेव्हा कुठल्या तरी मीटिंगमध्ये असायचे, फोन आवाज बंद करून खिशात. हाक त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीही नसायची, आणि ओ मात्र देऊन झालेली.

"मी कुठं ऐकलं होतं?" ते आम्हाला म्हणाले. "मी ऐकलंच नव्हतं. आन माझ्या तोंडानं ओ दिली." नाझियाला 'पोहोचला'ची आठवण झाली असणार, मलाही झाली. सरांनी स्वतः बसून फोनमधून तो आवाज काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "मी घरून बघतो. हाक मारा, ओ मिळंल." केबिन रिकामी झाली आणि त्या दोन खोल्यांत फारच शांतता पसरली. आपल्याला त्या हाकांचा किती त्रास व्हायचा असं आम्ही समजत होतो, आणि आता त्यांच्यावाचून करमेना. मला सरांची आठवण येत होती, हे सरळच सांगते.

घरी गेल्यावर सरांनी दुसरं टोक गाठलं. वेबसाइटीत त्यांचा एक आवडता डाव होता. माणूस पुढं काय दाबणार याचा अंदाज बांधायचा आणि ते पान आधीच गुपचूप आणून ठेवायचं, म्हणजे दाबलं की समोर हजर. तोच डाव ते काकूंवर खेळायला लागले. तहान लागायच्या आधी पाणी, ऊन चढायच्या आधी पंखा, कूस बदलायच्या आधी उशी. काकूंचा अंगठा उचलायची वेळच येऊ दिली नाही. त्या सगळं घ्यायच्या आणि भिंतीकडं तोंड करायच्या. मॅडम आल्या, त्यांनी हे थोडा वेळ पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही त्यांना मागायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

हे सरांनी मला फोनवर सांगितलं. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "सर?" त्यांनी ओ दिली, पण बारीक. मग म्हणाले, "ती मला सोडून गेल्यागत वाटतंय गं वैजापूर. समोर हाय, पर गेलीय. मी लई भ्यालोय." इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण हा माणूस भितो असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

एप्रिलात मी गारखेड्याला गेले. एका मोठ्या कामाची बोलणी होती आणि त्यांनी यावं असं आम्हाला वाटत होतं. दार उघडलं तर आत भट्टी. बाहेरच्या खोलीतला पंखा बंद, सर गळ्यात टॉवेल टाकून घामानं निथळत जेवणाच्या टेबलाशी बसलेले, समोर लॅपटॉप, पण नजर आतल्या दाराकडं. ते दार सताड उघडं होतं. आत काकू पडलेल्या दिसत होत्या, फोन उशाशी होता.

"लाइट गेलीय का?" मी विचारलं.

"हाय की," सर हळू आवाजात म्हणाले. "तिचा पंखा बंद हाय. सकाळी गार होतं म्हणून तिनंच हातानं खूण केली, बंद करा. तिचा बंद, मग माझाबी बंद."

"पण आता केवढं उकडतंय. लावा की."

"नाय." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "औषधपाणी मी येळेवर देतो. बाकीचं तिला मागू द्या म्हणल्यात मॅडम. थोडं थांबायचं. मला माहितेय तिला पंखा पायजे. मघापासनं वर बघतीय. उठून लावायला किती येळ लागतोय? पर थांबायचं." त्यांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. "लोकांना थांबायला लागू नये म्हणून आख्खा जन्म घातला मी. आन मलाच थांबता येत नाय बघ."

मी कामाचे कागद काढले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते. ते मान हलवत होते, ऐकत नव्हते. आतून पलंग करकरला. आम्ही दोघं थांबलो. काही नाही. काकूंनी मान वळवली होती एवढंच. सर अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले.

मग आतून आवाज आला.

"अ."

सरांनी मला हातानं गप्प केलं. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत होती, तिचा मला भयंकर राग आला.

"अ... ओ."

मधला 'ह' निसटून गेला होता. पण लग्नापासून ज्या शब्दानं बोलवणं आलं तो ओळखायला सरांना पूर्ण ऐकावा लागला नाही. ते ताडकन उठले, खुर्ची मागं पडली. तोंड उघडलं. आता येईल, आता येईल म्हणून मी बघत होते. आली नाही. ओठ हलले, पण ओ बाहेर पडेना. ते तसेच, काही न बोलता, पडलेली खुर्ची ओलांडून धडपडत आत निघाले.

दारापर्यंत पोहोचले नसतील तोच आतून पुन्हा आलं. या वेळी मोठ्यानं, चिडून, वर्गाला दटावतात तशा आवाजात, आणि अक्षर न् अक्षर पूर्ण.

"अहो!"

सर दाराची चौकट धरून उभे राहिले आणि हुंदके देऊन रडायला लागले. काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग वर बंद पंख्याकडं. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी सरांच्या बाजूनं आत गेले आणि पंखा लावला.